अनोळखी माणसाने पैसे मागितले, तर द्यायचे की नाही हे कशावरून ठरवावे?

सातरस्ता यांचा प्रश्न

नमस्कार. माझे कार्यालय सोलापूर रेल्वे स्थानकाच्या परिसरात आहे आणि घरी जाताना स्थानक, एसटी स्टँड आणि सिव्हिल हॉस्पिटल या तिन्हींच्या आसपासचे रस्ते लागतात. देवळाच्या पायरीवर बसलेल्या वृद्धांना पाच-दहा रुपये देण्याविषयी माझ्या मनात कधीच प्रश्न नव्हता. सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना सुटे पैसे बरोबर घ्यायचे, ही आमच्या घरातली जुनी रीत आहे. माझा प्रश्न वेगळ्या प्रकारच्या मागणीविषयी आहे. त्यात माणूस भीक मागत नाही, अडचण सांगतो आणि दोनशे-पाचशे रुपयांची अपेक्षा करतो.

कोणी सांगतो की गाडीत पाकीट चोरीला गेले आणि कलबुर्गीला परत जायचे आहे. सिव्हिलच्या फाटकाशी कोणी औषधाची चिठ्ठी पुढे करून सांगतो की आत मूल दाखल आहे आणि औषध बाहेरून आणायला सांगितले आहे. उसाच्या हंगामात लहान मुले आणि गाठोडी घेतलेले कुटुंब भेटते आणि सांगते की मुकादमाने कामावरून काढले, आता गावी जायला पैसे नाहीत. हे सगळे खोटेच असते असे मी मानत नाही, आणि सगळे खरेच असते असेही मला म्हणता येत नाही.

आमच्या घरात यावर एकमत नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की खरे-खोटे मागणाऱ्यापाशी, आपण दिले की आपले कर्तव्य झाले. माझे यजमान दर महिन्याला एका वृद्धाश्रमाला ठरलेली रक्कम पाठवतात आणि रस्त्यावर मात्र कोणालाही काहीच देत नाहीत. रस्त्यावर दिलेला पैसा फसवणुकीचा धंदा पोसतो, असे त्यांचे मत आहे. मला दोन्ही भूमिकांत काहीतरी कमी वाटते. सासूबाईंच्या विचारात समोरच्या माणसाचे पुढे काय होते याला जागा उरत नाही. यजमानांच्या विचारात व्यवस्था चोख आहे, पण रात्री दहा वाजता स्टँडवर अडकलेल्या बाईपर्यंत त्यांचा वृद्धाश्रम पोहोचत नाही.

म्हणून विचारते की आपल्यापैकी ज्यांनी यावर शांतपणे विचार केला आहे, त्यांनी काही कसोटी ठरवली आहे का? मला उपदेश नको आहे, ठरवण्याची रीत हवी आहे.

भुईकोट यांचे उत्तर

ताई, मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे आणि संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज तपासणे हा बराच काळ माझ्या कामाचा भाग होता. तेथे अर्जदाराची परिस्थिती खरी आहे का हे ठरवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, तलाठ्याचा अहवाल आणि हाताशी काही आठवडे असत. एवढे असूनही निर्णय अवघड जात असे. सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे, अशी त्या योजनेची अट आहे. आजच्या काळात त्या आकड्यात कोणते कुटुंब बसेल याचा विचार केला, तर खरी गरज आणि कागदावरची गरज यांत किती अंतर पडते ते लक्षात येते. मंजुरी मिळाली तरी महिन्याला १,५०० रुपये मिळतात, आणि आधार बँक खात्याशी जोडलेले नसले तर तेही अडकतात. त्यामुळे देवळापाशी बसलेली एखादी मावशी सरकारी अनुदान घेत असेल आणि तरीही उपाशी असेल, यात विसंगत असे काही नाही.

सांगायचे असे की जे काम एका कार्यालयाला कागदपत्रे आणि वेळ हाताशी असताना नीट जमत नाही, ते आपण रस्त्यावर दोन मिनिटांत, माणसाच्या चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरून करू पाहतो. यात एक मोठा धोका आहे आणि त्याचा फारसा विचार होत नाही. ज्याने आयुष्यात कधी कोणापुढे हात पसरलेला नाही, तो माणूस अडखळतो, खाली बघतो, गोष्ट उलटसुलट सांगतो. ज्याला सवय झाली आहे त्याची गोष्ट मात्र घोटीव असते, तिच्यात गावाचे नाव असते, गाडीची वेळ असते आणि डोळ्यांत वेळेवर पाणीही येते. म्हणजे ‘ऐकायला खरे वाटते का’ ही कसोटी लावली, तर आपण सराईत माणसाला देतो आणि संकोचाने बोलणाऱ्याला परत पाठवतो.

म्हणून मी खरे-खोटे ठरवण्याचा नाद सोडला आणि रकमेचा विचार करू लागलो. फसवणूक झाली असे उद्या कळले, तर ज्या रकमेबद्दल मनात कडवटपणा राहणार नाही, तेवढी रक्कम मी चौकशी न करता देतो. ती किती असावी हे ज्याच्या त्याच्या मिळकतीवर अवलंबून आहे. ती महिन्याच्या सुरुवातीला बाजूला काढलेली असते आणि संपली की त्या महिन्यात मी नम्रपणे नकार देतो. त्यापुढची मागणी असेल, तर पैसे न देता ती वस्तू किंवा सेवा मिळवून द्यावी. कलबुर्गीला जायचे आहे असे सांगणाऱ्याबरोबर तिकीट खिडकीपर्यंत चालत जावे. साध्या डब्याचे भाडे शंभर रुपयांच्या आत असते आणि ज्याला खरोखर जायचे आहे तो आनंदाने येतो. एसटीच्या बाबतीत हेही लक्षात ठेवावे की ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील व्यक्तींना प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. अक्कलकोटला किंवा पंढरपूरला जाण्यासाठी कोणी पाचशे रुपये मागत असेल, तर एवढी माहिती असलेली बरी. मात्र पाकीट हरवलेल्या वृद्धाकडे वयाचा पुरावाही नसणार, आणि सवलत असूनही त्याला पूर्ण भाडे पडणार, हे विसरू नये. त्याच्याकडे ओळखपत्र मागणे तर फारच विचित्र होईल.

पूर्वभाग यांचे उत्तर

मी सिव्हिलमध्ये रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रांसाठी मदत करणाऱ्या एका लहान गटाबरोबर काम करते, म्हणून केवळ दवाखान्याच्या मागणीविषयी लिहिते.

‘सरकारी दवाखान्यात सगळे फुकट असते, मग पैसे कशाला हवेत?’ असे अनेक जण मला विचारतात. उपचार मोफत किंवा अल्प दरात झाले, तरी कुटुंबाचा खर्च थांबत नाही. सिव्हिलमध्ये केवळ शहरातले रुग्ण येत नाहीत. मोहोळ, करमाळा, सांगोला येथून येतात, धाराशिव जिल्ह्यातून येतात आणि सीमेपलीकडच्या इंडी, अफजलपूर भागातूनही येतात. रुग्णाबरोबर दोन माणसे राहतात, त्यांचे जेवण, चहा आणि गावाकडच्या फेऱ्या सुरू असतात. आमच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईचे उदाहरण घ्या. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. मुलाच्या उशाशी बसल्यावर तिच्या विड्या वळल्या जात नाहीत, आणि त्या दिवसांची मजुरी तिला कोणीही देत नाही. यंत्रमागावरच्या माणसाचेही तसेच आहे. आजारपणात घरात येणारा पैसा त्याच दिवशी बंद होतो आणि खर्च त्याच दिवशी वाढतो. म्हणून फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातातली चिठ्ठी जुनी असली, तरी त्याची गरज खोटी असतेच असे नाही.

तरीही रोख देण्यापूर्वी एक गोष्ट करता येते. ‘कोणत्या वॉर्डात आहे?’ असे विचारावे आणि ‘चला, मी बरोबर येते’ असे म्हणावे. उलटतपासणी घेतल्यासारखा आवाज लावू नये. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असते. गरीब रुग्णाला शुल्कात सवलत, औषधे, तपासण्या आणि योजनांचा लाभ मिळवून देणे हे त्यांचे काम आहे. अनेक नातेवाइकांना असे कोणी आहे हेच माहीत नसते, कारण भांबावलेला माणूस पाट्या वाचत नाही आणि आपल्याकडे तर कित्येकांना तेलुगू किंवा कन्नडच नीट समजते. त्या टेबलापर्यंत नेऊन पोहोचवणे ही पाचशे रुपयांपेक्षा मोठी मदत ठरू शकते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी प्रत्येकाला माहिती असायला हवी. ती जुलै २०१२ मध्ये वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हाच सोलापूर त्यात होते. आता तिचे संरक्षण प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवलेले आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्याच्याकडे जायचे असते. ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियाच तिच्यात बसतात, त्यामुळे तापाने दाखल झालेल्या प्रत्येकाला ती लागू होईल असे नाही.

मागणारा खासगी धर्मादाय रुग्णालयाच्या बिलाविषयी बोलत असेल, तर हे सांगावे की अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. ही सवलत मागावी लागते. न मागणाऱ्याला ती बहुधा मिळत नाही, आणि नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.

औषध घेऊन द्यायचे असेल, तर बिल आपल्या नावावर करून घ्यावे आणि ते आपल्याजवळच ठेवावे, म्हणजे औषध परत करून रोख घेण्याची शक्यता राहत नाही. एवढी खबरदारी पुरेशी आहे. त्यापलीकडे जाऊन नातेवाइकाला दम देणे, चिठ्ठीचे छायाचित्र काढून गटांत फिरवणे, हे प्रकार मी पाहिले आहेत. ते कृपया करू नयेत. त्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव आणि आजार असतो.

माचणूर यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण या चर्चेत एक बाजू अजून आलेली नाही आणि मी मंगळवेढा तालुक्यातला असल्याने ती मांडणे मला आवश्यक वाटते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, आणि त्यांतली बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या, आणि अनोळखी माणसे दिसताच लोकांनी ठरवून टाकले की हीच ती टोळी. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. आमच्या तालुक्यात त्या कुटुंबांवर काय ओढवले हे येथे लिहिण्याची माझी इच्छा नाही.

मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण मागणाऱ्याकडे संशयाने पाहण्यात आपले काहीच जात नाही, असे आपण समजतो. फसवले गेलो तर दोनशे रुपये जातात आणि त्याची चर्चा घरात महिनाभर चालते. खऱ्या माणसावर संशय घेतला तर त्याचे काय जाते, याचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही. आपल्या सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवले आणि पुढे अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण त्या वस्तीतला माणूस मदत मागायला उभा राहिला की लोकांच्या नजरा आजही बदलतात.

कायद्याची स्थितीही जाणून घ्यावी. महाराष्ट्रात १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे अशा निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी पैसे मागणे हीसुद्धा भीकच धरली आहे. म्हणजे पहाटे येणारा वासुदेव आणि नंदीबैल घेऊन येणारा माणूस यांनाही या कायद्याखाली विनावॉरंट पकडता येते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२१ मध्ये रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी फेटाळताना सांगितले की भीक मागणे हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे आणि पर्याय असता तर कोणी भीक मागितली नसती. उलट दिशेचे उदाहरण इंदूरचे आहे. तेथे जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. सातरस्ता ताईंच्या यजमानांना ते पटेल कदाचित, मला ते पटत नाही. रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून गरिबाला नजरेआड करण्यापलीकडे त्यातून काही साधत नाही.

भुईकोट साहेबांच्या एका सूचनेशी मी आदरपूर्वक असहमत आहे. तिकीट काढून देण्यात सोय आहे, पण दर वेळी तसे करण्यात ‘तुझ्या हाती पैसा देण्याइतका माझा तुझ्यावर विश्वास नाही’ हा अर्थ निघतो. त्या माणसाला कदाचित आधी लेकरांना खाऊ घालायचे असेल आणि मग गावाकडच्या कोणाला तरी फोन करून बोलवायचे असेल. काय आधी करायचे हे त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते.

ताईंनी ऊसतोड कुटुंबाचा उल्लेख केला आहे. त्यांच्या बाबतीत तर मी फारशी चौकशी न करता देतो, आणि त्याचे कारण हा व्यवहार मी जवळून पाहिला आहे. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. या जोडीला कोयता म्हणतात. ती उचल लग्नात, आजारपणात किंवा जुन्या देण्यात आधीच संपलेली असते. पुढचे सहा महिने तोडलेल्या उसाची मजुरी त्या उचलीतून वळती होत राहते, त्यामुळे कामाच्या दिवसांत हातात रोख फारशी येतच नाही. मध्येच भांडण झाले, कोणी आजारी पडले किंवा बाईला त्रास झाला आणि कुटुंब फडावरून निघाले, तर त्यांच्याकडे गाडीभाडेसुद्धा नसते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की हंगामात असे कुटुंब स्टँडवर दिसणे अजिबात अशक्य नाही. कोणाला डांबून ठेवले आहे असे त्यांच्या बोलण्यातून समजले, तर मात्र पैसे देऊन थांबू नये, ११२ वर कळवावे.

आणि द्यायचे नसेल तेव्हा ‘माफ करा, आज जमणार नाही’ एवढे तरी माणसाकडे पाहून बोलावे. आपण ‘पुढे हो’ म्हणतो आणि तेही मोबाइलमधून डोके वर न काढता.

कंबरतलाव यांचे उत्तर

एकच मुद्दा जोडतो. ‘रोख दिले की दारूत जातात’ हे वाक्य अशा चर्चेत पुन्हा पुन्हा येते. मी अर्थशास्त्र शिकवतो. गरीब कुटुंबांना थेट रोख देण्याच्या अनेक देशांतल्या योजनांचे अभ्यास जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये एकत्र तपासले होते, आणि रोख मिळाल्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना सर्वसाधारणपणे आढळले नाही. हे निष्कर्ष घरात राहणाऱ्या, नियमित रक्कम मिळणाऱ्या कुटुंबांविषयी आहेत. रस्त्यावर राहणाऱ्या आणि व्यसनात अडकलेल्या एकट्या माणसाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गरीब माणूस हाती पैसा येताच तो उधळतो, या समजुतीला त्यांतून आधार मिळत नाही.

सातरस्ता

सर्वांची मनापासून आभारी आहे. माचणूर यांचे उत्तर मी घरी वाचून दाखवले आणि त्यानंतर आमच्यात बराच वेळ बोलणे झाले. तीन गोष्टी अजून विचारते. सिग्नलवर आणि स्थानकावर लहान मुले मागतात, त्यांच्याविषयी काय करावे? व्हॉट्सअॅपवर एखाद्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी क्यूआर कोडसह आवाहन येते, ते खरे कसे ओळखावे? आणि पूर्वभाग ताई, कर्नाटकातून आलेल्या रुग्णाला आपली योजना लागू होते का?

चाटीगल्ली यांचे उत्तर

पहिल्या दोन प्रश्नांविषयी लिहितो. आमचे कापडाचे दुकान आहे, त्यामुळे मागणारी माणसे दिवसभर येतात आणि शुक्रवारी येणाऱ्यांसाठी गल्ल्यात सुटे पैसे वेगळे काढलेले असतात. मोठ्या रकमेविषयी मात्र आमच्याकडे ठरलेली शिस्त आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात काढायची आणि ती कोणाला द्यायची याचे आठ हक्कदार ठरलेले आहेत. त्यांत गरीब आहेत, कर्जात बुडालेला माणूस आहे आणि वाटेत अडकलेला मुसाफीरही आहे. हा मुसाफीर स्वतःच्या गावी खाऊनपिऊन सुखी असला, तरी प्रवासात पैसे संपले असतील तर तो हक्कदार ठरतो. ताईंनी सांगितलेला कलबुर्गीचा माणूस नेमका यात बसतो. चांगले कपडे घातलेला माणूस पैसे मागतो म्हणून तो फसवणारच, असे आमचे वडील म्हणूनच कधी मानत नसत. जवळच्या गरजू नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना आधी द्यावे, असेही आम्हाला शिकवले आहे, कारण त्यांची अवस्था आपल्याला ठाऊक असते आणि ती माणसे तोंड उघडून मागत नाहीत.

लहान मुलाच्या हातात मी पैसे देत नाही. यात माझ्या मनात शंका नाही. मुलाला मिळणारा पैसा जितका जास्त, तितके त्याला शाळेऐवजी सिग्नलवर उभे करणाऱ्याचे फावते. मुलांना भीक मागायला लावणे हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि त्यासाठी मुलाचा अवयव तोडणाऱ्याला किमान सात वर्षे सक्तमजुरी आहे. मात्र मुलाला हाकलूनही देऊ नये. मुलाला शेजारच्या गाड्यावर नेऊन समोर बसवून खाऊ घालावे. बंद पाकीट दिले तर ते परत विकले जाऊ शकते, इडली-वडा पोटातच जातो. तेच मूल रोज दिसत असेल, आजारी किंवा झोपवून ठेवल्यासारखे वाटत असेल, तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. त्याचे छायाचित्र काढून पसरवू नये, आणि माचणूर भाऊंनी सांगितलेले लक्षात ठेवून, मूल ज्यांच्याबरोबर आहे त्यांना जमाव जमवून जाब तर मुळीच विचारू नये. ते आई-वडीलही असू शकतात.

क्यूआर कोडच्या आवाहनाबाबत मी अधिक कडक आहे, कारण तेथे समोर माणूस नसतो आणि चौकशी करायला वेळ असतो. खरे छायाचित्र आणि खरी हकिगत घेऊन केवळ खाते बदललेले संदेशही फिरतात, त्यामुळे मूल खरोखर आजारी आहे एवढे कळणे पुरेसे नाही. संदेशातल्या क्रमांकावर फोन न करता रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधावा, रुग्ण तेथे दाखल आहे का हे विचारावे आणि शक्य असेल तर पैसे रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरावेत. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येते ते आवाहनातल्या कुटुंबाशी जुळते का, हेही पाहावे. फसवणूक झाल्याचे लक्षात आले तर लगेच १९३० वर फोन करावा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा आमच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनी पैसे गोळा करण्याऐवजी पांघरुणे, भांडी आणि धान्य स्वतः गाडीत घालून माढा आणि मोहोळ भागातल्या गावांत नेले. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मदत करायची असेल तेव्हा हे सर्वांत सरळ पडते.

पूर्वभाग

सातरस्ता ताई, कर्नाटकातल्या रहिवाशाला महाराष्ट्राची फुले योजना सर्वसाधारणपणे लागू होत नाही, सीमावादातल्या ८६५ गावांचा तेवढा अपवाद आहे. त्यांच्याकडे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड असेल, तर ते दुसऱ्या राज्यातल्या सहभागी रुग्णालयातही चालते, म्हणून पहिला प्रश्न कार्डाचा विचारावा. कार्ड घरी राहिले असेल तर आधार क्रमांकावरून पात्रता शोधता येते आणि आरोग्यमित्र ते करून देतो. कार्डच नसेल तर समाजसेवा अधीक्षकांकडेच जावे लागते. बरोबर कन्नड बोलणारे कोणी असेल तर काम फार लवकर होते, आणि सोलापुरात असे माणूस मिळायला अडचण येत नाही.

माचणूर यांनी रोख आणि विश्वास यांविषयी जे लिहिले, त्याला धरून एक सांगते. उपचाराचा खर्च मी कधीच रोख देत नाही, कारण तो मिळवून देण्याचे मार्ग आहेत आणि ते मला माहीत आहेत. पण नातेवाइकांचे जेवण, गावी निरोप द्यायला जाण्याचे भाडे आणि रुग्ण दगावला तर त्याला घरी नेण्याची गाडी, यांतले बरेचसे योजनांत बसत नाही. त्यासाठी कोणी मागितले तर आमच्या गटाच्या डब्यातले पैसे आम्ही सरळ त्यांच्या हातात देतो आणि नंतर हिशेब विचारत नाही.